भाचीचा खांदा

गुरुप्रसाद शिवलकरने सख्ख्या भाचीला भर मैदानात आऊट दिलं, कारण तिच्या आईने माहेरच्या बागेत हिस्सा मागितला, असं मिरकरवाड्यात अजून सांगतात. मासळी निवडता निवडता सांगतात, त्यामुळे दर वेळी हिस्सा थोडा वाढतो. खरं एवढंच, की त्याच्या बहिणीने, मैनाने, हिस्सा मागितला तो परसातल्या फणसाचा, आणि तो भावाने स्वतः उचलून तिच्या दारात नेऊन ठेवला होता. आणि आऊट त्याने दिलंच नाही. त्याने फक्त बेस दिला नाही.

गुरुप्रसाद एकटा जीव. बंदराजवळ जाळ्यांचं दुकान. कॉलेजात सॉफ्टबॉल खेळला, तेव्हापासून शाळांचे सामने आले की दुकानाला कुलूप लावून हा अंपायर. मैना शेजारच्याच दारात, मधे एकच पडवी. तिचा नवरा बोटीवर. त्यामुळे तिच्या मुलीला, दिशाला, खेळ शिकवला तो मामानेच. पोफळीखाली पडलेल्या सुपाऱ्या तो तिच्या अंगावर टाकायचा. "हलू नको गो. अंगावरचा बॉल चुकवलाच पायजे असा काय नाय. उभी रहा. लागला तर पयला बेस फुकट."

जिल्ह्याच्या फायनलला दिशाची शाळा आली तेव्हा त्याने अंग काढून घेतलं होतं. पण दुसरा अंपायर ऐन वेळी तापाने झोपला, आणि समोरच्या संघाचे, सावर्ड्याचे, कोच म्हणाले, "शिवलकर, तुमच्यावर आमचा विश्वास आहे." माणसाला बांधायला याहून घट्ट दोर त्याच्या दुकानातही नव्हता.

शेवटची इनिंग. बरोबरी, दोन आऊट, तिन्ही बेस भरलेले, आणि बॅट घेऊन दिशा, तिचेही दोन स्ट्राइक झालेले, तिसऱ्याला आऊट. तिला पहिला बेस मिळाला तर तिसऱ्या बेसवरची पोर आपोआप घरात ढकलली जाणार, त्या धावेवर शाळा जिंकणार आणि सगळ्या पुढच्या फेरीला कोल्हापूरला. जाळीमागे मैना, हातात पेढ्यांचा पुडा. तोंडावर लोखंडी मुखवटा, छातीवर गादी, पुढे कॅचर, मागे बहीण. खेकडा सापळ्यात शिरतो तसा गुरुप्रसाद आपल्या पायांनी तिथे शिरला होता.

बॉल आत आला. दिशा हलली नाही. म्हणजे पाय हलले नाहीत. खांदा मात्र पाहुण्याला सामोरं जावं तसा बॉलला सामोरा गेला. थप्प. दिशा बॅट टाकून पहिल्या बेसकडे पळाली, मैदान नाचायला लागलं. खांद्याचं ते इंचभर पुढे येणं कुणालाच दिसलं नव्हतं. त्याला दिसलं, कारण तो खांदा उभा कसा ठेवायचा ते त्यानेच शिकवलं होतं.

"डेड बॉल," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. मग घसा खाकरून, "बॅटर मागे. मुद्दाम लावून घेतलाय. नुसता बॉल. बेस नाय."

"दादा, पोरीच्या खांद्याला बटाटा आलाय," जाळीतून मैना. "तुला दिसत नाय?"

"दिसतोय गो."

"मग?"

"मग बर्फ लाव. सामना झाल्यावर."

पुढच्या बॉलला दिशाने बॅट फिरवली, हवाच मिळाली. आऊट तिची ती झाली. जादा इनिंगमध्ये सावर्ड्याने धाव काढली आणि कोल्हापूर गाठलं.

पुडा मैनाने उघडलाच नाही. पडवीतून रोज येणारी कालवणाची वाटी बंद झाली. पडवी एकच, त्यामुळे रुसलेली बहीण दिवसभर समोर. विहिरीवर जायचं तरी तिच्या दारावरून. "आमच्याकडे अंपायर लोकांना मासे देत नाय," कांदा चिरता चिरता ती मांजराला सांगायची. गुरुप्रसाद चटणीशी भात खायचा. दुकानात तरी पळावं, तर तिथे गिऱ्हाईक जाळं ताणून बघत विचारायचं, "काय शिवलकरानू, हिस्सा मिटला काय?"

एका संध्याकाळी दिशा मूठभर सुपाऱ्या घेऊन आली. "मामा, टाक. आता खांदा नाय घालत."

दारात मैना थबकली. "आता? म्हणजे त्या दिवशी घातलास?"

दिशा अंगठ्याने माती उकरत राहिली. मैना आत गेली, मांजराला काही बोलली नाही. दिवेलागणीला वाटी आली. बांगड्याचं शेपूट होतं, पण आली.

वाडीतल्या पूजेला मी नकला करतो, त्यात घसा खाकरून 'डेड बॉल' म्हणणारा गुरुप्रसाद सगळ्यांत गाजलेला. सामना सुरू व्हायच्या आधी मी त्याला म्हटलं होतं, "काका, आज भाचीला बेस देणार तुम्ही. पैज." तो म्हणाला, "हरलास तर माझी नक्कल कायमची बंद." आता वाडीत पूजा असली की पोरं माझ्याकडे 'डेड बॉल' मागतात, आणि तो पहिल्या रांगेत बसून, घसा खाकरून, माझ्याकडे बघत राहतो.