दोन माणसांचा ट्रॅक्टर

आमच्या शेजारच्या केरबानानांना ट्रॅक्टरचा नाद होता. नाद म्हणजे निव्वळ नाद. त्या ट्रॅक्टरनं कुणाचं वावर नांगरलं असेल तर शपथ! नानांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. नानांनी ती मोडली आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरात नोकरी धरली. हाताला पैसा दिसू लागल्यावर माणूस घर बांधतो, बायकोला पाटल्या करतो. नानांनी सिल्लोडच्या भंगारवाल्याकडून मोडका ट्रॅक्टर आणला.

ट्रॅक्टर लाल, परदेशी बनावटीचा, दोन सिलिंडरचा. बॅटरी केव्हाच गेलेली, आणि मागच्या चाकातून बाभळीचं रोप वर आलेलं. मनकर्णाकाकूंनी तो दारात बघितला आणि म्हणाल्या, "लोक सवत आणत्यात ती निदान चालती तरी." तेव्हापासून त्या ट्रॅक्टरला सवतच म्हणायच्या.

नानांना लोखंडातलं ओ की ठो कळत नव्हतं. कळत होतं ते बन्सीला. बन्सी आमच्याच गावचा, राहायला महारवाड्यात, नानांच्याच कारखान्यात लेथवर. शिफ्टच्या बसमध्ये दोघांची दोस्ती झाली आणि सुट्टीच्या दिवशी दोघं त्या लाल धुडाला चिकटायचे ते अंधार पडेपर्यंत. बाजारात न मिळणारा भाग बन्सी साहेबाला विचारून लेथवर कातून आणायचा. नाना घासायचे, पुसायचे, ग्रीस भरायचे आणि मध्येमध्ये चुकीचा नट पिळून ठेवायचे.

त्यांची एक चूक तर गावभर झाली. ट्रॅक्टर पहिल्यांदा सुरू झाला, गाव गोळा झालं, आणि जरा वेळानं तो खोकून बंद पडला. बन्सीनं नोझल खोलला. आत लोकरीचे केस! नानांनी डिझेल घोंगडीच्या तुकड्यातून गाळलं होतं. घोंगडीतून पावसाचं पाणी आत येत नाही, मग घाण कशी येईल, असा त्यांचा हिशेब. मेंढरामागं वाढलेल्या माणसाशिवाय हे कुणाला सुचणार? बन्सी त्यातला एक केस दिव्यासमोर धरून म्हणाला, "केरबा, इंजनाला थंडी वाजती का रं?" नाना स्वतःच इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं.

तो सुरू करायची रीत मात्र बघण्यासारखी. पुढं उभं राहून एकानं लोखंडी हँडल फिरवायचं. दुसऱ्यानं सीटजवळची लिव्हर दाबून धरायची, म्हणजे इंजिनातला दाब सुटतो आणि हँडल हलकं जातं. वेग आला की पुढचा ओरडणार, "सोड!" आणि मागच्यानं त्याच क्षणी लिव्हर सोडायची. जरा आधी सोडली तर हँडल उलटं फिरून मनगट मोडणार. हँडलला नाना, लिव्हरला बन्सी. पुढं पुढं तर नानांना ओरडावंही लागायचं नाही. आवाजावरूनच बन्सीला कळायचं.

मग अठ्ठ्याहत्तरचा पावसाळा आला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव आग लागली. आमच्या गावातही लागली. कुणी लावली विचारलं तर आजही लोक सांगतात, बाहेरचे आले होते. बाहेरच्यांना बन्सीचं घर कुठलं हे कुणी दाखवलं, ते मात्र कुणी सांगत नाही. घर जळलं, दाण्याची कणगी जळली. बन्सी आणि त्याची बायको सरूबाई नेसत्या कपड्यांनी औरंगाबादला गेले आणि मुकुंदवाडीच्या बाजूला पत्र्याची खोली करून राहिले. नाना त्या दिवशी दाराला आतून कडी लावून बसले होते. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना खाली बघत होते.

दोस्ती तुटली म्हणावी तर तसंही नाही. कारखान्यात दोघं रोज भेटायचे, डबा सोबत खायचे, पगारवाढीवर, युनियनवर, वाळूजला उठणाऱ्या नव्या कारखान्यांवर बोलायचे. फक्त आठवडी सुट्टीच्या आदल्या दिवशी नाना विचारायचे, "उद्या येतो का? तुझी लिव्हर वाट बघून राहिली."

"नाय," बन्सी म्हणायचा.

एवढंच. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. वर्षांमागून वर्षं गेली, मी वाळूजला कामाला लागलो, आमच्या गावाच्या निम्म्या पोरांनी शेती सोडली, तरी त्या दोघांचा सवाल-जवाब काही बदलला नाही.

तोवर ट्रॅक्टर उभाच. लोक म्हणायचे, लिव्हर आम्ही धरतो की! नाना कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. दर सुट्टीला एकटेच हँडल हळूहळू अर्धं-पाऊण फिरवायचे, पिस्टन धरून बसू नये म्हणून. कच्च्या लोकरीनं सगळं लोखंड पुसायचे. लोकरीच्या अंगच्या चिकट तेलानं गंज चढत नाही, हे मात्र त्यांचं खरं होतं. गाव ट्रॅक्टरला नंदी म्हणायला लागलं. नानांना राग यायचा. त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. बन्सीनं एकदा तरी येऊन ती लिव्हर धरावी.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. नानांना वाटलं, आता तरी गडी नाही म्हणायचा नाही. तिळगुळाची पुडी घेऊन ते मुकुंदवाडीला निघाले. मला वाळूजहून परतताना स्टँडवर भेटले, म्हणून मीही सोबत गेलो. वस्तीत निळे झेंडे लागले होते, लोक एकमेकांना पेढे देत होते. बन्सीची खोली आता विटांची झाली होती. सरूबाईंनी आम्हाला बघितलं आणि जरा थबकल्या, मग पाणी दिलं.

नानांनी तिळगूळ बन्सीच्या हातावर ठेवला. "तिळगूळ घे, गोड बोल. आता समदं झालं. उद्या येतो ना गावाला?"

बन्सीनं तिळगूळ तोंडात टाकला. सावकाश चावून खाल्ला.

"केरबा, मी तुला कव्हा कडू बोललो का?"

"नाय."

"पंधरा वर्सं तू मला बोलवतो. ये म्हणतो, ये म्हणतो. जिथं माझं घर जळलं तिथं मी यावं, अन् तुझं इंजन सुरू करावं." त्याचा आवाज जराही चढला नव्हता. "तू माझ्या दारात आज आला. पयल्यांदा."

चहा आला, प्यायला. परतताना बसमध्ये नानांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचीही त्यांना लाज वाटत नव्हती. "लई उशीर केला रे मी," एवढंच म्हणाले.

त्याच आठवड्यात नानांनी मेव्हण्याच्या, मुंजाबाच्या, दोन बैलजोड्या आणल्या आणि ट्रॅक्टरला जुंपल्या. स्वतः सीटवर बसले. मनकर्णाकाकूंनी बॉनेटला हळदकुंकू लावलं. "जा बाई, दिल्या घरी सुखी राहा," म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपले. भर सकाळी, सगळ्या गावासमोरून तो लाल ट्रॅक्टर निघाला. लोक ओट्यावर येऊन बघत होते. कुणीतरी विचारलं, "इकला का काय?" नानांनी नकारार्थी मान हलवली आणि मुंजाबाला बैल हाकायला सांगितलं.

मुकुंदवाडीत पोचायला दिवस मावळतीला आला. बन्सी बाहेर आला, एकदा ट्रॅक्टरकडं आणि एकदा बैलांकडं बघितलं. टाकी बघितली. नोझल खोलून उजेडाला धरला. मग सीटवर चढून त्यानं लिव्हर दाबली. नानांनी हँडल घातलं. पहिल्यांदा नुसता धूर. दुसऱ्यांदा वस्ती दणाणली. पोरंबाळं धावत आली, आणि सरूबाई ओरडत होत्या की दारातून बाजूला घ्या, माझं धुणं काळं होईल.

आता ट्रॅक्टर तिथंच असतो. नाना रिटायर झाले, तरी दर रविवारी बसनं जातात.

मागं एकदा सिल्लोड रस्त्यावरच्या हॉटेलात आमच्या गावच्या सूर्यभान पाटलांनी त्यांना गाठलं. "नाना, येवढा चालता ट्रॅक्टर, गावाची शान. गावात कव्हा आणता?"

नानांनी कप खाली ठेवला. "ट्रॅक्टर न्यायला समदे तयार हायेत, पाटील. बन्सीच्या दारात आमच्याबिगर अजून गावातलं कुणी गेलं नाय."