चौदा नंबरची पेटी

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी कर्जत तालुक्यातल्या एका पॅकहाउसमध्ये निरोप आला, की युरोपला गेलेला डाळिंबांचा कंटेनर तिकडच्या बंदरात नापास झाला. मुकादमानं बायांना सांगितलं, कंटेनर रिटर्न झालाय, उद्यापासून येऊ नका. माझी थोरली बहीण तिथं ग्रेडिंगला होती. दुपारी तिनं मला फोनवर तेच शब्द सांगितले. संध्याकाळी मी आमच्या पेपरच्या नगर कार्यालयात बसून बातमी लिहिली. मथळा होता : डाळिंबांचा कंटेनर परत आला.

ग्रेडिंग म्हणजे फळ हातात फिरवून पाहणं. डाग नाही, तडा नाही, रंग एकसारखा, ते एक्स्पोर्टला. बाकीचं लोकलला. प्रत्येक बाईला नंबर होता आणि तिनं भरलेल्या पेटीवर तो शिक्का पडायचा. ताईचा नंबर चौदा. बाया नवऱ्यामुलांनाही तीच भाषा लावायच्या. कुणाच्या मुलीला स्थळ आलं, की ताई फोटो उन्हाकडे धरून म्हणायची, ‘ह्याला लोकलला टाका.’

त्याआधी ती दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. पॅकहाउसच्या नऊ हंगामांत तिच्या घरावर स्लॅब पडला आणि मुलगी नर्सिंगला गेली. ‘जागतिक बाजार आणि आपला तालुका’ या विषयावर मी एकदा पुरवणीत लेख लिहिला होता. त्यात त्या स्लॅबचा फोटो होता. फोटोखालच्या ओळीत मी ‘कायमची समृद्धी’ असे शब्द वापरले होते. ते कात्रण तिनं काचेत लावलं होतं.

बातमी छापून आली त्या दिवशी बाया पॅकहाउसवर गेल्या. पेपरात ‘परत आला’ लिहिलं होतं, म्हणजे कंटेनर येणार. आला, की पेट्या उघडायच्या आणि खराब माल कुणाच्या नंबरचा ते बघायचं, असं त्यांचं ठरलं होतं. कारण गावात बोललं जात होतं, की ग्रेडिंगच्या बायांनी डोळेझाक केली. शेजारच्या गावात दुसरं पॅकहाउस सुरू होणार होतं. तिथला मुकादम ताईला म्हणाला होता, आधी तुमचा नंबर साफ होऊ द्या.

आठवड्यानं मी पॅकहाउसवर गेलो. सकाळचे नऊ वाजले होते. शेडला कुलूप होतं. समोरच्या लिंबाखाली अकरा बाया ओळीनं बसल्या होत्या. सगळ्यांनी कामावरच्या पांढऱ्या टोप्या घातल्या होत्या. रस्त्यावरून ट्रक गेला, की अकरा टोप्या एकदम वळायच्या.

‘कुठवर आलाय रं?’ ताईनं विचारलं.

चौकशी करतो म्हणालो. मंगळवारीच करायला हवी होती ती चौकशी मी त्या दुपारी केली. माल पाठवणाऱ्या कंपनीच्या कारकुनानं मला पत्र दाखवलं. फळांत फवारणीच्या औषधाचा अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला होता. माल परत आणण्याचा खर्च मालापेक्षा मोठा, म्हणून तो तिथंच नष्ट केला होता. या धंद्यात नापास झालेल्या मालाला रिटर्न म्हणतात, मग तो परत येवो न येवो. पत्रात कंटेनरचा नंबर होता. पेट्यांचे नंबर नव्हते.

तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर खुलासा छापला. मी तो घेऊन ताईकडे गेलो. तिनं बसायला सांगितलं आणि डाळिंब सोलून दिलं. ते तडकलेलं होतं. कोपऱ्यातल्या टोपलीत चांगली डाळिंबं रचून ठेवली होती, सगळ्यांचे देठ वर. त्यांना घरात कुणी हात लावत नाही, सुट्टीला आलेली भाची म्हणाली. वरच्या थरातली दोन काळी पडली होती.

ताईनं खुलासा वाचला. मी सांगितलं, दोष औषधाचा होता, तो डोळ्यांना दिसत नाही, तुझ्याकडे काहीच येत नाही.

‘आतलं मला कसं दिसंल, ते मला ठावं हाय,’ ती म्हणाली. ‘पन मुकादमाला काय दावू? चौदा नंबर खराब हुता असं ह्यात न्हाई. साफ हुता असं बी न्हाई.’

मी पत्राची प्रत मागवून घेऊ का, असं विचारलं.

‘पेटी पायजे,’ ती म्हणाली. मग तिनं विचारलं, ‘तू परत आला असं का लिवलंस?’

ती टोपलीतली फळं फिरवून बघत होती.

मार्चअखेर शेजारच्या गावातलं पॅकहाउस सुरू झालं. अकरापैकी सहा जणींना तिथं काम मिळालं. चौघी खुरपायला जाऊ लागल्या. मी ‘परत आला’ हे शब्द मजकुरात आले, की अजून थांबतो आणि फोन करतो.

गेल्या सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला मी त्या रस्त्यानं गेलो. शेडला कुलूप होतं. लिंबाखाली एक बाई बसली होती. माझ्या गाडीचा आवाज आला तशी पांढरी टोपी वळली.