दुसरी वायर कुठं जाते?

"एक गेलं तर?" हे आमच्याकडं कॉम्प्युटर दुरुस्तीला येणाऱ्या माणसाचं पालुपद. छत्री दिसो, किटली दिसो, तो हेच विचारायचा. स्वतः दोन पेनं आणि दोन रुमाल बाळगायचा. असा माणूस तुम्हीही एखाद्या कचेरीत पाहिला असेल. लोक त्याला हसतात. मीही हसायचे.

"बायको एकच हाय ना रं?" मी एकदा त्याला विचारलं.

"एकच. दुसरीचं नाव काढलं तर पहिलीपण जाईल, मावशी."

शिळफाट्याजवळच्या एका दवाखान्यात मी झाडलोट करते. तिथल्या थंड खोलीत एक लोखंडी कपाट आहे, त्याला सर्व्हर म्हणतात. सगळ्या पेशंटचे रिपोर्ट, एक्स-रे त्याच्यात. प्रत्येक डॉक्टरचा कॉम्प्युटर तिथूनच उचलतो. कपाटाच्या पाठीला दोन वायरी, दोन वेगळ्या बॅटऱ्यांच्या बोर्डांना लावलेल्या. एक बोर्ड बंद पडला तरी दुसऱ्यावर कपाट चालावं म्हणून. हा दर महिन्याला कर्जतहून यायचा, मुद्दाम एक वायर उपटायचा आणि बघत बसायचा. "चालू आहे त्याला हात कशाला लावता?" म्हणत सुपरवायझरनं ते बंद करायला लावलं.

दसऱ्याला कपाटाची पूजा झाली. झेंडू, नारळ, वर लाइटची माळ. दोन दिवसांनी सकाळी मी कपाटामागं झाडत होते आणि कपाट गप्प झालं. बाहेर पेशंट खोळंबले, डॉक्टर ओरडायला लागले. सुपरवायझर थेट माझ्याकडं वळला.

"मावशी, झाडूनं वायर ओढलीत. उद्यापासून येऊ नका."

"मी नाय ओढली."

चौथी शिकलेल्या बाईचं कोण ऐकतं? घरात कमावणारी मी एकटी.

फोन गेला, तासाभरात तो कर्जतहून आला. सगळं ऐकून घेतलं आणि सुपरवायझरला म्हणाला, "समजा, ओढली एक वायर. एक गेली तर कपाट बंद पडतं का?"

हा पोटावर पडून मागं शिरला. दोन्ही वायरी एकाच बोर्डात होत्या आणि त्याच बोर्डाची बॅटरी बसली होती. दुसऱ्या बोर्डात, वायरीच्या जागी, दसऱ्याची माळ. ती सुपरवायझरनं स्वतः लावली होती, आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

यानं माळ काढली, वायर जागेवर लावली, बॅटरी बदलली. कपाट सुरू झालं, मागचे दोन्ही दिवे हिरवे झाले.

"मावशी, आता तुम्हीच एक उपटा."

"परत माझ्यावर येईल."

"माझ्यावर येईल. उपटा."

उपटली. एक दिवा विझला, कपाट पीपपीप ओरडलं, पण आतले पंखे फिरत राहिले. बाहेरून नर्स म्हणाली, "रिपोर्ट उघडतायत." माझ्या जिवात जीव आला. सुपरवायझर भिंतीकडं बघत म्हणाला, "उद्या वेळेवर या."

दोन रुमाल बाळगणारा तो आता नोकरी सोडून गेला. कुठं, मी विचारलं नाही. त्याच्या जागी आलेली मुलगी खुर्चीत बसूनच सगळं तपासते. परवा तिला म्हटलं, "बाय, मागं वाकून बघ, दुसरी वायर कुठं जाते."

"तुम्हाला काय कळतं हो त्यातलं?"

"मी झाडते तिथं."

ती उठली. मी झाडू बाजूला घेऊन तिला वाट दिली.