एका फळीवर दोन मशिनं

मरोळच्या आमच्या खोलीत भिंतीला ठोकलेली एक लांब फळी आहे. तिच्या एका टोकाला माझं शिलाई मशीन, दुसऱ्या टोकाला सुनेचा कॉम्प्युटर. मी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल लावते. सून एका छापखान्यासाठी लग्नपत्रिका आणि मंडळांच्या स्मरणिका टाइप करते. कॉम्प्युटरचा डबा जमिनीवर ठेवता येत नाही, पावसाळ्यात गटाराचं पाणी उंबरा ओलांडून आत येतं. माझे गुडघे गेल्यावर मशीनला मोटर बसवून घेतली. ती सुरू झाली की फळी थरथरते. त्याचं कोणालाच काही वाटत नव्हतं.

मग एकदा कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. अर्धी स्मरणिका तिच्याबरोबर गेली. सुनेने ती पुन्हा टाइप केली, मनगटं सुजली तिची. दुरुस्तीवाला म्हणाला, एसएसडी म्हणून नवी वस्तू आली आहे, ती टिकते, पण तिच्या किमतीत दोन हार्ड डिस्क येतील. आम्ही साधी डिस्कच बसवली.

काही वर्षांनी तीही गेली. या खेपेला कामाची नक्कल पेनड्राइव्हवर होती, सून शहाणी झाली होती. दुरुस्तीवाला घरी आला तेव्हा मी शिवत होते. त्याने फळीवर हात ठेवला.

"मावशी, हे रोज असंच हलतं?"

"मग? मशीन आहे, झोपून थोडंच राहणार?"

त्याने समजावून सांगितलं. हार्ड डिस्कच्या आत तबकडी गरागरा फिरते, तिच्या अगदी जवळून एक बारीक टोक सरकतं. हादरा बसला की टोक तबकडीला लागू शकतं. "ह्यामुळेच गेली असं छातीठोक नाही सांगत," तो म्हणाला, "पण बरं नाही हे."

मुलाला तेवढंच हवं होतं. "आई, आता बस कर ना. डोळे तरी कुठे राहिलेत तुझे? मशीन देऊन टाकू."

"आणि तुझ्या पँटी कोण आखूड करणार रे? तुझा बाप वरून येणार?"

बोलले खरी, पण घाबरले होते. सून माझ्यापेक्षा जास्त कमावते. दोघींतली एक उठायची म्हटलं तर मीच उठणार. मग दिवसभर भिंतीला टेकून बसायचं आणि सुपारीलासुद्धा मुलापुढे हात पसरायचा.

सून म्हणाली, "मशीन कुठे जाणार नाही. मी खाटेवर डबा ठेवून काम करीन."

"आणि झोपशील कुठे गो, छपरावर?"

दुरुस्तीवाला हसला. "अहो, भांडता कशाला? एसएसडी घ्या. छोटी घेतलीत तर आता नव्या हार्ड डिस्कपेक्षा कमीत पडते. आत काही फिरतच नाही, हलून बिघडणार काय?"

"चांगली वस्तू स्वस्त कशी झाली?" मी विचारलं. मी चौथीपर्यंत शिकले, पण बाजार मला कळतो.

"मोठी घ्याल तर अजून महागच आहे, मावशी. पण वहिनींना मोठी कशाला? अक्षरं जागा खात नाहीत. फोटो, व्हिडिओ बाहेरच्या मोठ्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्याला तीच स्वस्त. कपाटात ठेवायची, लागेल तेव्हा जोडायची."

हे मला पटलं. रोजचे तांदूळ ओट्यावरच्या डब्यात, वर्षाचे माळ्यावरच्या पिंपात. पिंप कोणी ओट्यावर ठेवत नाही.

एसएसडी आली. बिस्किटाच्या रिकाम्या पुड्याइतकी हलकी. मी मुलाला म्हटलं, "फसवलं तुला." पण पूर्वी सून कॉम्प्युटर चालू करून भात लावायला जायची, आता ती स्टूल ओढेपर्यंत तो तयार असतो.

तरी मी मशीनला हात लावला नाही. एका बाईचा ब्लाउज अर्धा शिवून पडला होता. दोन-तीन दिवसांनी सून पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "आई, तो ब्लाउज आपोआप शिवला जाणार आहे का?"

"तुझं काम होऊ दे."

"माझं होतंय. तुम्ही चालवा."

मी हळू चालवलं.

"मुंगी चालतेय का? नीट चालवा ना!"

मी मोटरचं पायडल पूर्ण दाबलं. फळी थरथरली. तिची अक्षरं उमटत राहिली.

मला कोणाचे आभार मानायची सवय नाही. पण ज्या कुठल्या देशातल्या, कारखान्यातल्या लोकांनी ही वस्तू आमच्या ऐपतीत आणली, त्यांचं भलं होवो. आणि सुनेचंही. मला उठवणं तिला सोपं होतं. तिने एकदाही तसं तोंडातून काढलं नाही.

आता भांडण उरलंय ते आवाजाचं. छापखान्याचा फोन आला की ती हात वर करते आणि मी मशीन थांबवते. फोन फार लांबला तर मी खाकरते.