एका झाडावर एकच बहार

बारावीचा निकाल लागला आणि आमच्या घरावर संकट कोसळलं. मला सगळ्याच विषयांत चांगले गुण मिळाले होते. एखाद्या विषयात मी सपाटून आपटले असते तर तो आपसूक गळाला असता आणि घरचे सुखाने जेवले असते. पण गणित, वनस्पतीशास्त्र दोन्ही टिच्चून उभे होते. त्यात इतिहासाचं खूळ लहानपणापासूनचं. कुठे जुना कोरीव दगड दिसला की मी वाट सोडून त्याच्यापाशी जाऊन बसायची.

विषय ठरल्याशिवाय कॉलेज ठरत नव्हतं. पांढुर्ण्याचं कॉलेज घरापासून स्कूटीच्या टप्प्यात होतं. सौसरला मामांच्या घरी राहून शिकता आलं असतं. छिंदवाडा म्हणजे होस्टेल, आणि होस्टेल हा शब्द आमच्या घरात हळू आवाजात उच्चारला जाई. मला तर तिन्ही विषय हवे होते. एक आत्ता सुटला तर तो जन्माचा सुटेल, असं मला वाटायचं.

मामा सौसरच्या सरकारी कचेरीत होते. ते रविवारी बसने आले आणि चहाच्या आधीच निकाल देऊन मोकळे झाले. "एक ना धड, भाराभर चिंध्या! इतिहास घे बाई. स्पर्धा परीक्षेले इतिहासच कामी येते."

"अन् बगीचा कोण पाहीन? वनस्पतीशास्त्र घे," बाबा म्हणाले.

गणिताच्या बाजूने कोणीच नव्हतं. आई पोळ्या लाटत होती.

बाबांचा संत्र्याचा बगीचा. माणसांविषयी त्यांना जे काही कळत होतं ते सगळं झाडांवरून. संत्र्याच्या झाडाला वर्षातून तीनदा फुलायची खोड असते: आंबिया, मृग आणि हस्त. तिन्ही होऊ दिले तर फळं लिंबाएवढी राहतात आणि झाड लवकर थकतं. म्हणून शहाणा बागाईतदार एकच बहार धरतो. त्यासाठी तो झाडाचं पाणी तोडतो, पानं मलूल होईपर्यंत कळ काढतो आणि मग एकदम पाणी देतो. तहानलेलं झाड जीव लावून एकाच वेळी फुलतं. याला ताण देणं म्हणतात. मृगाचा ताण उन्हाळ्यात, म्हणजे नेमका त्याच दिवसांत देतात.

"इले ताण देऊ," बाबा म्हणाले.

मला वाटलं गंमत करून राहिले. मामांनाही तसंच वाटलं, म्हणून ते हसले. पण संध्याकाळपर्यंत माझी सगळी पुस्तकं, वह्या, वर्तमानपत्रांची रद्दी आणि मोबाइल लोखंडी कोठीत गेला. कुलूप लागलं. किल्ली आईच्या कमरेला. मुदत एकवीस दिवस. त्यानंतर माझ्यात पहिला जो विषय फुटेल तो खरा, बाकीचे तोडायचे.

मी रडले, भांडले, एक वेळ जेवले नाही. बाबांना त्याचा आनंदच झाला. ताण लागू पडत होता.

रोज सकाळी ते ओसरीवर खुर्ची टाकून बसत आणि माझ्यावर नजर ठेवत. बगिच्यात जाणंही त्यांनी कमी केलं. दुपारी आईला विचारत, "पानं मलूल झाली काय?"

"आताच तीन पोळ्या खाल्ल्या तिनं," आई सांगे.

"मंग अजून वेळ हाय."

वाचायला काही नसलं की माणूस काय वाचेल याचा नेम नाही. मी खताच्या पोत्यावरचा मजकूर वाचला. लग्नपत्रिका वाचल्या, त्यातल्या प्रेषकांच्या नावांसकट. फवारणीच्या औषधाचं सूचनापत्र मला तोंडपाठ झालं. नवव्या दिवशी मी गोठ्याच्या छपरावरचे कवेलू ओळीओळीने मोजत होते. बाबा खुर्चीतून ताडकन उठले. "गणित फुटलं!" त्यांचा चेहरा पडला होता, पण माणूस प्रामाणिक. मान्य केलं.

दहाव्या दिवशी मी विहिरीच्या काठावरच्या दगडावरची अक्षरं बोटाने चाचपताना सापडले. अकराव्या दिवशी देवाला आणलेलं जास्वंदीचं फूल पाकळी पाकळी सोडवून पाटावर मांडलं होतं. बाबांनी कपाळाला हात लावला. तीन दिवसांत तिन्ही बहार! बागाईतदार म्हणून त्यांच्या आयुष्यात असा प्रसंग आला नव्हता. त्यांनी ताण कडक केला, म्हणजे कॅलेंडरसुद्धा भिंतीवरून उतरवलं.

आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. पंधराव्या दिवशी मामा घामाघूम होऊन आले. कॉलेजचा फॉर्म भरायची आज शेवटची तारीख होती. आमच्या घरात तारीखच उरली नव्हती.

"सहा दिवस बाकी हायेत," बाबा अडून बसले. "ताण मधातच तोडला तं झाड फुलत नाही, नुसतं पालवते."

"भाऊजी, सर्व्हर झाड नोहे! रात्री बारा वाजता बंद होते!"

आई स्वयंपाकघरातून आली, कोठी उघडली, माझ्या गुणपत्रिका काढल्या आणि बाबांच्या हातात दिल्या. "चला," एवढंच म्हणाली. ती स्वतः चप्पल घालून आधीच अंगणात उतरली होती.

पांढुर्ण्याच्या ऑनलाइनच्या दुकानात आम्ही चौघं एका संगणकाभोवती उभे राहिलो. दुकानदाराने फॉर्म उघडला. "सांगा ताई, मेजर कोणता, मायनर कोणता, तिसरा ऐच्छिक कोणता?"

"एकच हाय," बाबा म्हणाले.

"काका, तिन्ही खाने भराच लागते. त्याबिगर फॉर्म पुढे सरकत नाही."

दुकानात पंखा फिरत होता. मामा छताकडे पाहत होते.

"मंग आपण ताण कशाले देल्ला?" बाबांनी मामांना विचारलं.

मी गणित पहिलं सांगितलं, मग इतिहास, मग वनस्पतीशास्त्र. बाबांनी दुकानदाराला दोनदा विचारलं, "बाकीचे दोन तोडाचे नाही ना?" मग कळलं की असे तीन विषय एकत्र पांढुर्ण्यात मिळत नाहीत, सौसरलाही नाहीत. मिळतात छिंदवाड्याला. दुकानदार म्हणाला, दुसऱ्या नंबरला, एखादा विषय बदलून, पांढुर्णा टाकून ठेवू, सोयीचं पडेल. मी बाबांकडे पाहिलं. त्यांना मी घरात हवी होते, हे मला ठाऊक होतं. ते पडद्याकडे बघत राहिले.

"एकच टाक. छिंदवाडा," ते म्हणाले.

जुलैत मी निघाले त्या सकाळी संत्र्याचा व्यापारी आला होता. तो दरवर्षी मृगाची फूट पाहायला एक चक्कर मारतो. बगिच्यातून परत आला तो चक्रावलेला. झाडं हिरवीगार होती आणि फूल औषधालाही नव्हतं. बाबा पंधरा दिवस माझ्यासमोर खुर्ची टाकून बसले होते. त्या दिवसांत मोटरचा ऑटो-स्टार्टर बंद करायचा राहिला, आणि लाइन आली की बगिच्याला आपोआप पाणी जात राहिलं. हे त्यांनी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. मलाही त्या क्षणी व्यापाऱ्याच्या तोंडावरूनच कळलं आणि हातातली बॅग जड झाली. एका हंगामाचा बहार माझ्यापायी गेला होता.

"काऊन भाऊ, यंदा ताण देल्ला नाही काय?" व्यापाऱ्याने विचारलं.

"देल्ला ना. पोरीले देल्ला."

व्यापाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं. "मंग? फुलली काय?"

बाबांनी माझ्या हातातली बॅग घेतली, स्कूटीला पुढे अडकवली आणि किक मारली.

"पाहू," ते म्हणाले. "आता कुठे पाणी देऊन राहिलो."