पितळेचा ठोकळा

माझ्या गिटारचा सूर टिकायचा नाही. तार छेडली की आवाज उठायचा आणि लगेच बसायचा. इलेक्ट्रिक गिटार होती, स्वस्तातली, तारा जिथं अडकतात त्या ब्रिजची दांडी दाबली की सूर हलतो, तसली. मागचं झाकण उघडलं तेव्हा दोष सापडला. तारा ज्या ठोकळ्यातून वर जातात तो हलक्या धातूचा होता, चॉकलेटच्या वडीसारखा पातळ. त्याच्या जागी भरीव पितळ बसवायचं आणि स्प्रिंगा ताणून ब्रिज लाकडाला घट्ट टेकवायचा, असं मी ठरवलं.

मी तेव्हा वाळूजला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये कामाला होतो. सुपरवायझरला विचारून भंगारातला पितळेचा तुकडा घेतला, जेवणाच्या सुट्टीत त्याला सहा भोकं पाडली. उरलेलं काम घरी, गच्चीवर, कानशीनं. पहिल्याच दिवशी जुनी स्प्रिंग काढताना पक्कड सटकली आणि स्प्रिंगचा आकडा माझ्या खालच्या ओठात घुसला. रक्त थुंकत मी पुन्हा पक्कड उचलली.

घर थोरल्या भावाचं. आम्ही फुलंब्रीकडचे. दादानं बीड बायपासच्या पलीकडं रो-हाऊस घेतलं होतं. तिथं रोज नवं बांधकाम उभं राहत होतं, आणि नळ मात्र कुणाच्याच घरी नव्हता. पाऊस दोन वर्षं नीट झालाच नव्हता. बोअर आटले होते. चार दिवसांतून एकदा टँकर यायचा आणि गल्ली त्याच्यावर तुटून पडायची. आदल्याच फेरीला एकानं दुसऱ्याच्या डोक्यात लोखंडी बादली घातली होती. नंतर तीच बादली उचलून, धुऊन, तिच्यात पाणी भरलं गेलं.

दादाचा हात लवकर उठायचा. वडिलांचाही तसाच. लहानपणी त्यानं मला पट्ट्यानं मारलं होतं आणि मीही एकदा त्याच्या पाठीत दगड घातला होता. मोठे झालो तसं ते थांबलं, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या दिवशी माझी सुट्टी होती आणि दादा पहिल्या शिफ्टला गेला होता. पाणी भरायची पाळी माझी. ठोकळा ब्रिजच्या पट्टीला बसत होता, पण एका बाजूनं केसभर अडत होता. खालून वहिनीनं हाक मारली, "भाऊजी, टँकर आला! पाइप धरा."

"आलोच," मी म्हणालो आणि कानस चालवत राहिलो. तिनं आणखी दोनदा हाक मारली. मला ऐकू आलं होतं. हे मी नंतर कधी कुणापाशी कबूल केलं नाही.

ती एकटीच गेली. शेजारच्या माणसानं तिचा पाइप टँकरमधून ओढून फेकला, तिला ढकललं. टँकरच्या पायरीवर तिचा कोपर फुटला. दादा तीनला घरी आला तेव्हा ती मोरीत बसून जखम धूत होती, तेही पिण्याच्या हंड्यातल्या तळाच्या पाण्यानं.

दादा गच्चीवर आला. आल्या आल्या त्यानं माझ्या कानाखाली वाजवली.

"लई शहाणा झालास व्हय? बायको माझी धक्के खाती, अन् तू इथं तुणतुणं घासत बसलास?"

"दादा, ऐक तरी..."

दुसरी थप्पड बसली. मग त्यानं चादरीवर ठेवलेल्या गिटारला लाथ घातली. ती कठड्यावर आपटली, बटण तुटून उडालं. ठोकळा माझ्या मुठीत होता. मी तो तसाच त्याच्या तोंडावर मारला.

आवाज ओलं लाकूड मोडल्यासारखा झाला. दादा खाली बसला. हनुवटी एका बाजूला सरकली होती, ओंजळीत दोन दात होते. मी पुन्हा हात उचलला. तेवढ्यात जिन्यात वहिनी दिसली आणि माझा हात वरच राहिला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं. मी म्हणालो, "जिन्यावरून पडला."

"नाय," वहिनी माझ्याकडं बोट करून म्हणाली. "यांनी मारलं. भाऊ आहेत."

पोलीस आला. तक्रार द्यायची का, असं विचारल्यावर दादानं मान हलवली, नाही म्हणून. त्याचा जबडा तारांनी बांधून बंद केला. दीड महिना तो डाळीचं पाणी आणि दूध नळीनं ओढत होता. त्या दिवसांत एकही टँकर मी चुकवला नाही. ज्यानं वहिनीला ढकललं होतं त्याच्या शेजारीच पाइप धरून उभा राहायचो. त्याच्याकडं बघताना माझी मूठ वळायची आणि मी ती पाइपावरच आवळून ठेवायचो.

एका दुपारी दादानं बोटानं गिटारकडं खूण केली. मी त्याच्यासमोर ठोकळा बसवला, पाचही स्प्रिंगा लावल्या, मागचे स्क्रू आवळले. जाड तार छेडली. सूर निघाला तो निघालाच, पंख्याच्या घरघरीवरही ऐकू येत राहिला. दादा डोळे मिटून बसला होता. मला वाटलं, मिटलं सगळं.

जबड्याच्या तारा काढल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी तो बोलला. ओठ अजून नीट उघडत नव्हते.

"एक फटका लागला, त्याचं काय नाय. आपण तसलेच. पण मी खाली बसलो होतो, अन् तू दुसऱ्यासाठी हात उचलला होतास."



"भाऊजी," वहिनी दारातून म्हणाली, "वाळूजला खोली बघा."

आवाजात राग नव्हता. कोपरावरची पट्टी निघाली होती, तिथं लालसर वण होता. त्याच आठवड्यात मी सामान रिक्षात घातलं. दादानं गिटार खाली आणून दिली, पण ती माझ्या हातात न देता सीटवर ठेवली आणि आत निघून गेला.