ऑप्शनला टाकलेलं नाव

पनवेलमध्ये वर्षभर उनाडलेल्या पोरांना फेब्रुवारीत देव आठवायचा, आणि देवाच्याही आधी म्हात्रे सर. तुळशीराम म्हात्रे. दहावीच्या परीक्षेला आठवडा उरला की त्यांच्या पत्र्याच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग पडायचा. पार उरणहून पोरं यायची. मीही त्यांतलाच. आज न्हावा शेव्याला कंटेनरच्या ऑफिसात बसतो तो सरांच्या कृपेने, नाहीतर भूमितीने मला केव्हाच बुडवलं होतं.

सरांची रीत सरळ होती. "जे येत नाय ते ऑप्शनला टाका. जे येतंय ते झोपेत विचारलं तरी आलं पायजे." मग तेवढंच, पुन्हा पुन्हा, मोठ्याने घोकायचं. मोठ्या क्लासवाल्यांना ही चलाखी वाटायची. वाटू दे. बुडणाऱ्याला कुणी पोहण्याचं शास्त्र शिकवत बसत नाही, आधी हात देतात.

गेल्या वर्षी सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली. समजायचं सगळं, पण शब्द येत नव्हता. ज्यांनी जन्मभर लोकांची पोरं बोलती केली, त्यांच्या तोंडून, मी सुटीच्या दिवशी भेटायला जायचो तेव्हा, नुसता हुंकार ऐकू यायचा.

त्यांची एकुलती मुलगी प्रांजल नोकरीसाठी परदेशात असते. झटका आल्यापासून ती पहिल्यांदाच, दिवाळीला येणार होती. ती दारात आली की तिला नावाने हाक मारायची, एवढंच सरांनी मनात धरलं होतं. तिच्या फोटोवर डावा हात ठेवून ओठ हलवत बसायचे. त्यांची बायको, प्रमिलाकाकू, रोज समोर बसून शिकवायच्या. "म्हणा, प्रां..." सरांना घाम फुटायचा. नाव काही यायचं नाही.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा काकूंनी सरांचीच रीत काढली.

"आता नाव ऑप्शनला टाकूया. 'पाणी' येतंय ना थोडं? तेवढंच पक्कं करू. पोरीला बरं वाटंल, बाबा बोलतात म्हणून."

सरांनी डाव्या हाताने समोरची वाटी भिरकावली. त्या दिवशी त्यांनी काकूंकडे बघितलंही नाही. मग मुकाट्याने घोकायला लागले. पाणी. पाणी. पाणी. मला ते ऐकवेना, मी उठून बाहेर गेलो.

प्रांजलला विमानतळावरून मीच गाडीने घरी आणलं. वाटेत ट्रॅफिकमध्ये अडकलो तर बिचारी सारखी विचारत होती, "बाबा मला ओळखतील ना?"

दारात बॅग टाकून ती धावली. सर खुर्चीतून अर्धे उठले. ओठ जुळले, मानेच्या शिरा ताणल्या.

"पाणी," सर म्हणाले. अगदी स्पष्ट.

"आई, बाबा बोलले," म्हणत प्रांजल हसत-रडत आत पळाली आणि तांब्याभांडं घेऊन आली. सरांनी मान हलवली. पुन्हा म्हणाले, "पाणी." तिने भांडं ओठांना लावलं. त्यांनी तोंड फिरवलं, तसं पाणी सदऱ्यावर सांडलं. मिटलेल्या डोळ्यांतून धार लागली.

प्रांजल घाबरून आईकडे बघायला लागली. काकूंनी तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं.

"तहान नाय लागली त्यांना," त्या म्हणाल्या. "तुला हाक मारतायत."